धुऊन, इस्त्री करून

२ फेब्रुवारी

धाकटे,

दूध तापत ठेवलं होतं आणि मी त्यांचे शर्ट भिजवत होते. आठवडाभर माझी कंबर धरली होती, धुणं साठलं होतं, म्हणून त्या सकाळी घरातले होते नव्हते ते सगळे शर्ट एकदमच बादलीत घातले. ते न्हाणीघराच्या दारात उभे. म्हणाले, "एखादा तरी कोरडा ठेव. मी काय बनियनवर लिफ्ट दुरुस्त करू?" मी म्हटलं, काल एकच धुतलेला दोरीवर वाळलाय, तो घाला. त्यांनी घातला. मग नळाचा वायसर बदलला, दूध उतू जाताना गॅस बंद केला, मला "कंबर वाकवू नकोस, संध्याकाळी मी पिळतो" असं सांगितलं आणि गेले. सकाळी अकराला एका इमारतीच्या गच्चीवर, लिफ्टच्या मशीनच्या खोलीत, पाना हातात असताना कोसळले. हॉस्पिटलच्या लाँड्रीत फोन आला तेव्हा मी चादरी मोजत होते. एकशे चाळीसपर्यंत आले होते.

हे मी तुला पत्रातून सांगायची वेळ यायला नको होती. तू तिथे असायला हवी होतीस. अकरा महिने झाले. तुझं गाव गाडीने चार तासांवर आहे, समुद्रापलीकडे नाही.

लोक आले, बरं का. जिना भरेल इतके आले. समोरची म्हणाली, "निदान हाल न होता गेले." वरच्या मजल्यावरचे काका म्हणाले, "तुम्ही खंबीर आहात." मी तेव्हा कपबशा विसळत होते. पंधरा माणसांना चहा करणारी बाई खंबीरच दिसणार. त्यांच्या कामावरच्या एकाने तर मला नव्या लिफ्टचं मॉडेल समजावून सांगितलं, पाऊण तास. आणि मी त्या सगळ्यांच्या डोक्यांवरून दाराकडे बघत होते, तू येतेस का ते.

तुझे मास्तर गेले तेव्हा मी तुझ्याकडे बारा दिवस राहिले होते. तुझं घर झाडलं, तुझा स्वयंपाक केला, तुझ्या शाळेतल्या लोकांना दारातून परत पाठवलं. ते तू विसरलीस. तुझ्या लक्षात राहिलं काय, तर मास्तरांचे कपडे. ते आमच्या हॉस्पिटलात वारले, आमच्याच लाँड्रीतून त्यांचे कपडे धुऊन, इस्त्री करून तुझ्या हातात दिले, म्हणून सहा वर्षं अबोला. तेव्हाच सांगितलं होतं, लाँड्रीचा नियम आहे. नियमावर कोण कुणाशी वैर धरतं?

असो. उत्तराची अपेक्षा नाही.

मोठी

१८ फेब्रुवारी

धाकटे,

उत्तर आलं नाहीच. मला लिहायचं आहे म्हणून लिहिते.

आमच्या हॉस्पिटलात एक वर्ग सुरू झाला आहे. पाच शनिवार, दुपारी, कँटीनमध्ये. 'दुःखातल्या माणसाची सोबत कशी करावी.' सर्वांसाठी खुला आहे, म्हणजे डॉक्टर सोडून सगळे येतात. सुपरवायझर साहेबांनी माझं नाव परस्पर दिलं. म्हणाले, "तुमचा अनुभव ताजा आहे." ताजा. जशी काही भाजी.

मी या विषयावरची पुस्तकं वाचली नाहीत असं नाही. वाचनालयातून तीन आणली होती. तुला माहीत आहे, मी तिसरीपर्यंतच शिकले. बाकी सगळं चादरींवरचे शिक्के आणि गोळ्यांच्या खोक्यातले बारीक अक्षरांचे कागद वाचत शिकले, त्यामुळे मला कुठलंही पुस्तक अवघड वाटत नाही. पण त्या तिन्ही पुस्तकांतल्या बायका खिडकीशी बसून असतात. त्यांची भांडी कोण घासतं ते एकाही पानावर नाही.

शिकवणारी आधी नर्स होती. तिच्या काखेत सतत वही, म्हणून मी तिला वहीवाली म्हणते. तोंडावर नाही. पहिल्या शनिवारी तिने एक कागद वाटला: काय बोलावं, काय बोलू नये. मी तो तिथेच परत दिला. म्हटलं, बाई, हे कागद तुम्ही वर्षभर आधी आमच्या जिन्यात वाटायला हवे होते.

ती हसली नाही, चिडलीही नाही. तेवढं तिचं चांगलं.

काल तिने वेगळंच काढलं. म्हणाली, "प्रत्येकाने सांगा, कुणाचं तरी माणूस गेलेलं असताना तुमच्या हातून काय चुकलं." चाळीसेक माणसं असतील, वेगवेगळ्या वस्त्यांतली, एरवी बसथांब्यावरही एकमेकांशी बोलायची नाहीत. मग बसचा कंडक्टर उठला. त्याच्या गाडीला एक नवराबायको रोज असायचे. एक दिवस नवरा एकटाच आला, तर हा म्हणाला, "काय साहेब, आज सुटका?" बाई चार दिवसांपूर्वी गेली होती. "तो आता माझी गाडी सोडतो आणि मागची पकडतो," कंडक्टर म्हणाला. "रोज मागच्या काचेतून दिसतो मला, थांब्यावर उभा."

मग एक मुख्याध्यापिका. शाळेतल्या दोन बहिणींपैकी धाकटी तापाने गेली. बाईंनी हजेरीपटातून तिचं नाव लगेच काढलं, कुणाला त्रास नको म्हणून. दुसऱ्या दिवशी मोठी ऑफिसच्या दारात. "माझ्या बहिणीचं नाव कुणी खोडलं?" बाई उभ्या उभ्या रडल्या. न्हावी म्हणाला, "माझं ऐका. गिऱ्हाईकाचा मुलगा गेलेला. मला काय बोलावं सुचेना, म्हणून मी क्रिकेटवर बोलत राहिलो. तो म्हणाला, अर्धेच केस झालेत, राहू द्या. आणि तसाच गेला." लोक हसले. न्हावी हसला नाही, म्हणून मग तेही थांबले.

माझी पाळी आली. मी म्हटलं, माझ्या हातून काही चुकलेलं नाही, माझ्या बाबतीत चुकलं. आणि तुझं सांगितलं. सख्खी बहीण, चार तासांवर, आली नाही, फोन नाही, ओळ नाही. सगळ्यांनी च्यक् च्यक् केलं. शिवणकामाच्या कारखान्यातल्या दोघी म्हणाल्या, "अशी कशी हो बहीण." मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू. अकरा महिन्यांत पहिल्यांदा पोटभर बरं वाटलं.

न्हाव्यानेच विचारलं, "पण का नाही आली?"

"मानी आहे."

"काही भांडण?"

"लाँड्रीच्या नियमावरून."

वहीवालीने वहीत काहीतरी लिहिलं. मला ते आवडलं नाही.

मोठी

२७ फेब्रुवारी

धाकटे,

तुझं कार्ड मिळालं. "ताई, तो नियम मला लिहून पाठव. शब्द न् शब्द." बस. सहा वर्षांनी दीड ओळ. तुझ्या भाऊजींबद्दल एक अक्षर नाही. ज्या माणसाने तुझ्या लग्नात तुझी पेटी डोक्यावरून नेली, तुझ्या घराची वायर न वायर स्वतःच्या हाताने बदलली, त्याच्यासाठी तुझ्या पेनात शाई नव्हती. नियम हवाय.

वकील आहेस का तू? मी आरोपी आहे का? मी कार्ड फाडणार होते. मग फाडलं नाही, कारण त्यावर तुझं अक्षर होतं आणि ते अजून तसंच डावीकडे कलतं.

नियम पाठवीन. पुस्तिका सुपरवायझर साहेबांच्या कपाटात असते, आणि किल्ली त्यांच्याकडे असते, आणि ते सोमवारपर्यंत रजेवर आहेत. शिवाय ती भाषा सरकारी असते, तुला त्यातलं काय कळणार? आणि मास्तरांना जाऊन सहा वर्षं झाली, मधल्या काळात नियम बदललेही असतील. तेव्हाचा वेगळा असेल, आत्ताचा वेगळा असेल. हे सगळं शोधायला वेळ लागतो. मी नोकरी करते.

तुला एवढंच विचारते. धुतलेले कपडे मिळाले म्हणून माणूस कुणाला मरणाइतकी शिक्षा देतं का?

मोठी

५ मार्च

धाकटे,

परवा त्यांना वर्ष झालं. समोरचीने दारातून डोकावून विचारलं, "आता बरं आहे ना?" जणू मला वर्षभर कावीळ झाली होती. मी म्हटलं, नाही. ती इतकी गोंधळली की चप्पल उलटी घालून गेली.

आता खरं काम. हे वाक्य मी चार वेळा लिहून खोडलं आहे, म्हणून कागद असा दिसतोय.

शनिवारी सकाळी आमच्या खिडकीवर एक गॅरेजवाला आला. नखांत काळं, हातात चिठ्ठी. त्याची बायको आदल्या दिवशी गेली होती. मी गठ्ठा दिला: साडी, स्वेटर, रुमाल. धुतलेलं, इस्त्री केलेलं, कडेला कड लावून. माझ्या हातचं.

त्याने बघितलं आणि म्हणाला, "हे तिचे नाहीत."

मी चिठ्ठी दाखवली. "तुमचेच आहेत. नंबर बघा."

"नाही. ती रुमाल बाहीत कोंबून ठेवायची. स्वेटरच्या डाव्या बाहीत." त्याने बाही चाचपली. मग गठ्ठा तोंडाजवळ नेला आणि तसाच थांबला. मागे तिघं रांगेत होते. मला वाटलं आता ओरडेल. तो म्हणाला, "धुवायला कुणी सांगितलं होतं?"

मी तोंड उघडलं. 'नियम' हा शब्द जिभेवर होता. तुझ्या कार्डाने तो अडवला. मी म्हटलं, "कुणी नाही. मीच धुते."

"बरं," तो म्हणाला. "तुमचा हेतू चांगला असेल, ताई." आणि गेला. शिवी दिली असती तर मला परत देता आली असती.

तर ऐक. पुस्तिका कपाटात नाही. नियम माझ्या टेबलाच्या मागे भिंतीवर आहेत, काचेत. मी नोकरीला लागले तेव्हापासून आहेत. मी वाचायला शिकले ते त्या काचेसमोर. मला ते पाठ आहेत. तू शब्द न् शब्द मागितलास, घे. क्रमांक सात: 'मृत रुग्णाचे स्वतःचे कपडे व वस्तू, असतील त्या स्थितीत, नग मोजून नातेवाइकांच्या ताब्यात द्याव्यात.' असतील त्या स्थितीत. धुवा असं कुठेही लिहिलेलं नाही. कधीच नव्हतं.

धुवायचं मी सुरू केलं. माझ्या नोकरीचं पहिलं वर्ष होतं. एका म्हातारीला तिच्या मुलाचे कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबून दिलेले मी पाहिले, बटाटे द्यावेत तसे. मला लाज वाटली. तेव्हापासून मी माझ्या जेवणाच्या सुट्टीत धुवायला लागले. साहेबांच्या लक्षात आलं, त्यांनी वर सांगितलं, हॉस्पिटलने मला प्रशस्तिपत्रक दिलं. आता तिन्ही पाळ्यांतल्या बायका धुतात आणि ते माझ्यामुळे आहे. इतक्या वर्षांत मी एकालाही विचारलं नाही, तुम्हाला हवंय का. मला खात्रीच होती. स्वच्छ कपडा कुणाला नको असतो?

आणि मास्तर. त्यांचा तपकिरी स्वेटर, खडूने भरलेला, त्या खोकल्याच्या औषधाचा डाग पडलेला. तू वरच्या मजल्यावर कागदांवर सह्या करत होतीस. मला तुझ्यासाठी काहीतरी करायचं होतं आणि मला एकच गोष्ट करता येते. मी तो दोनदा धुतला. दोनदा, कारण पहिल्या धुण्यात वास गेला नव्हता. हे तुला माहीत नव्हतं. आता आहे.

तू स्वेटर हातात घेतलास, नाकाला लावलास आणि म्हणालीस, "विचारायचं तरी होतंस, ताई." रांग होती. माझ्या हाताखालच्या दोघी बघत होत्या. मला चुकीचं ठरायचं नव्हतं. मी म्हटलं, नियम आहे. ते वाक्य संपायच्या आत मला कळलं होतं की ते खोटं आहे, आणि मग सहा वर्षं मी ते इतक्या वेळा म्हटलं की मलाच खरं वाटायला लागलं. जवळजवळ.

आणखी एक. त्या दिवशी हॉस्पिटलमधून घरी आले तेव्हा ती बादली तशीच होती. सगळे शर्ट तिच्यात. अंगावरचा होता तो डॉक्टरांनी कात्रीने कापला होता, आणि तोही आदल्या दिवशीच धुतलेला. मी एकेक शर्ट पिळून काढला आणि प्रत्येकाला नाक लावलं. साबण. सगळीकडे साबण. घरात त्यांच्या वासाचं एक सूत उरलं नव्हतं आणि ते माझ्याच हाताने गेलं होतं. तू काय म्हणत होतीस ते मला त्या दिवशी, न्हाणीघरात बसल्या बसल्या कळलं. आज नाही कळलं. वर्षापूर्वी, पहिल्याच दिवशी.

आणि तरी मी वर्षभर तुझ्यावरच चिडत राहिले. कारण तू आली असतीस तर मला हे तुझ्या तोंडावर सांगावं लागलं असतं. तू येत नाहीस याचा राग खरा होता. तू येशील याची भीतीही खरी होती.

मी खोटं बोलले. माफ कर. यापुढचं वाक्य वेगळं आहे, ते याला जोडू नकोस.

तरीही तू यायला हवं होतंस. माझ्यासाठी नाही तर त्यांच्यासाठी. हे मी मागे घेणार नाही.

ताई

१२ मार्च

धाकटे,

मागच्या पत्राचं उत्तर अजून आलेलं नाही. येईल तेव्हा येईल. मी थांबले आहे, पण हात बांधून नाही.

शनिवारी वर्गाचा शेवटचा दिवस होता. साहेब प्रमाणपत्रं वाटायला आले होते, नवा शर्ट घालून. वहीवालीने विचारलं, कुणाला काही सांगायचं आहे का. मी उठले आणि म्हटलं, दुसऱ्या शनिवारी मी बहिणीबद्दल सांगितलं ते अर्धं होतं. उरलेलं सांगते. आणि सगळं सांगितलं, दोनदा धुतल्याचंसुद्धा. त्या शिवणकामवाल्या दोघी, ज्यांनी तुला नावं ठेवली होती, त्या खाली बघायला लागल्या. मी म्हटलं, खाली काय बघता, वर बघा, नावं ठेवायची तर आता मला ठेवा.

साहेब म्हणाले, "अहो, तुम्ही उगाच मनाला लावून घेताय. किती चांगली पद्धत आहे आपली. लोक आभार मानतात."

"आभार मानतात कारण भांडायचं त्राण नसतं त्यांच्यात, साहेब."

"मग काय कपडे मळके द्यायचे? रक्त लागलेले?"

"रक्त लागलेले धुवावेच लागतात, ते सांगून धुऊ. बाकीच्यांचं विचारू."

"त्या अवस्थेत माणसाला काय प्रश्न विचारणार तुम्ही?"

कंडक्टर मागून म्हणाला, "त्या अवस्थेत त्याला तिकीट मागतातच की साहेब लोक. सह्या मागतात, ओळखपत्र मागतात. बाईंचा एकच प्रश्न जड होतो होय?"

साहेबांनी वहीवालीकडे बघितलं. तिला वाटलं मध्यम मार्ग काढावा, म्हणाली, "आपण एक छोटा फॉर्म करू या. होय, नाही, आणि खाली सही." मला या बाईबद्दल पाच शनिवारांत बरंच बरं मत झालं होतं, ते तिथल्या तिथे खाली आलं. मी म्हटलं, फॉर्म नको. तोंड आहे मला. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "फॉर्म असता तर मीही भरून घेतला असता आणि नाव खोडलं असतं." वहीवालीने वही मिटली. पहिल्यांदाच.

साहेब म्हणाले, "मी लेखी परवानगी देऊ शकत नाही."

"तुमची परवानगी कुठे लागते? भिंतीवर वाचा. क्रमांक सात. परवानगी धुवायला लागत होती, ती मी कधी घेतली नाही."

न्हावी जोरात हसला. साहेबांनी माझं प्रमाणपत्र माझ्या हातात न देता टेबलावर ठेवलं. मी ते उचललं नाही.

घरी येताना मला फार राग आला होता, आणि तो कुणावर आहे ते नीट लावता येईना. साहेबांवर, त्या कँटीनवर, लिफ्टच्या खोलीत पंखा न बसवणाऱ्या त्या इमारतीवर, गेलेल्या माणसावर, त्याला माझ्या कंबरेचं एवढं पडलं होतं आणि स्वतःच्या छातीचं काही बोलला नाही म्हणून. तुझ्यावर थोडा. माझ्यावर बराच. वहीवाली म्हणते राग उतरतो. माझा उतरलेला नाही, फक्त आता तो मला कामाला लावतो.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी सहाला कामावर गेले. हाताखालच्या दोघींना सांगितलं की खिडकीवर आज मी उभी राहणार. साडेसातला एक बाई आली, तिचे वडील पहाटे गेले होते. मी त्यांचे कपडे पिशवीतून काढून तिच्यासमोर ठेवले, जसे होते तसे, आणि विचारलं, "धुऊन देऊ, की असेच हवेत?" तिने एकेक कपडा उचलून बघितला. मागे रांग होती, ती थांबली. मग ती म्हणाली, "धुवा." मी धुतले, वाळवले, इस्त्री केली आणि तिला नेऊन दिले.

ताई